अलिंद तंतुकंपनावरील कॅथेटर अ‍ॅब्लेशन

हृदयाचे वरचे कप्पे (अलिंदे) नियमित आकुंचन न पावता थरथरत राहिल्यास (हेच अलिंद तंतुकंपन), ती थरथर सुरू करणाऱ्या जागा डाग देऊन विद्युतदृष्ट्या वेगळ्या पाडण्याची उपचारपद्धती. मांडीच्या शिरेतून तार (कॅथेटर) नेऊन, अलिंदांमधील पडद्याला छिद्र पाडून डाव्या अलिंदात पोहोचतात.

या थरथरीच्या उगमाविषयी मतभेद आहेत. साधारण १९६० च्या सुमारास शरीरक्रियाशास्त्रज्ञ गॉर्डन मो यांनी अनेक विद्युत लहरी एकाच वेळी भटकत असल्याची कल्पना मांडली. शल्यविशारद कॉक्स यांची १९८७ ची ‘मेझ’ शस्त्रक्रिया (अलिंदांत छेदांचा चक्रव्यूह करून लहरींची वाट अडवणारी) तिच्याशी सुसंगत होती. १९९८ मध्ये बोर्दो येथील हैसागेर व सहकाऱ्यांना ४५ रुग्णांत ६९ उगमबिंदू आढळले, त्यांपैकी ९४ टक्के फुफ्फुसशिरांत (फुफ्फुसांतून डाव्या अलिंदात रक्त आणणाऱ्या शिरांत). सुरुवातीला हे बिंदूच जाळत. पण शिरेच्या आत डाग दिल्याने ती अरुंद होई, म्हणून पुढे मुखाबाहेरून वेढा घालण्याची रीत रुळली. शिरेत ठेवलेल्या वलयाकार तारेवर उमटणारे विद्युत ठोके एकाएकी नाहीसे झाले की वेढा पूर्ण झाला असे मानतात. दीर्घकालीन विकारात अलिंदाची भिंतच बदललेली असते, त्यामुळे मो यांचे मत पूर्णपणे बाद ठरत नाही. तरीही २०१५ च्या ‘स्टार एएफ-२’ चाचणीत वेढ्याखेरीज अलिंदात डागांच्या जादा रेषा मारून लाभ वाढला नाही; तेव्हा शिरांचा वेढा निर्दोष करणे हेच अधिक सयुक्तिक दिसते.

उष्णतेच्या डागाला दाबमापक टोकाची (तार भिंतीवर किती दाबली जाते ते मोजणाऱ्या) जोड मिळाली. शिरेच्या मुखाशी फुगवून गोठवणारा शीतफुगा त्याच्या तोडीचा असल्याचे २०१६ मध्ये दिसले. अलीकडच्या स्पंदित विद्युतक्षेत्र पद्धतीत (उष्णतेऐवजी विजेच्या क्षणिक झटक्यांनी पेशी मारण्याच्या) अन्ननलिकेची इजा कमी संभवते. अन्ननलिकेपर्यंत भोक पडणे दुर्मीळ, पण बहुधा प्राणघातक असल्याने हा लाभ मोठा आहे. मात्र रक्तपेशी फुटून मूत्रपिंडावर ताण आल्याच्या नोंदी आहेत.

बेळगाव, खानापूर, निपाणी पट्ट्यातील मराठी भाषक रुग्ण हृदयविकारासाठी बेळगावच्या केएलई रुग्णालयात किंवा मिरज-कोल्हापूरकडे जातात. भारतात संधिवातज्वराने मिट्रल झडप (डाव्या अलिंदाखालची) अरुंद झालेले रुग्ण आजही भेटतात. अ‍ॅब्लेशनच्या प्रमुख चाचण्यांत अशा रुग्णांना सहसा वगळलेले असल्याने तेथील यशाचे आकडे त्यांना जसेच्या तसे लावू नयेत. धडधड थांबली म्हणून रक्त पातळ करणारी गोळी आपल्या मनाने सोडणे कोणत्याही रुग्णास घातक. झडप अरुंद असलेल्यांना २०२२ च्या ‘इन्व्हिक्टस’ चाचणीत रक्त पातळ करणाऱ्या नव्या रिव्हारोक्साबानपेक्षा जुनी, आयएनआर (रक्त गोठण्याच्या वेळेचे माप) तपासून घ्यायची गोळीच सरस ठरली.