चेंबर ऑर्केस्ट्रा, मुंबईतील

साधारणपणे १५ ते ४० वादकांचा, मुख्यतः गजाने वाजणाऱ्या तंतुवाद्यांचा लहान वाद्यवृंद. इटालियन भाषेत ‘कामेरा’ म्हणजे खोली. चर्चमधील संगीताहून वेगळे, दिवाणखान्यातले संगीत या अर्थाने संज्ञा रूढ झाली. गणेशोत्सवातला चित्रपटगीतांचा ‘ऑर्केस्ट्रा’ येथे अभिप्रेत नाही. वृंदाची कल्पना मात्र आपल्याला परकी नाही: नाट्यशास्त्रकार भरताने वादकसमूहाला ‘कुतप’ म्हटले आहे, तर ‘संगीतरत्नाकर’कर्त्या शार्ङ्गदेवाच्या (१३ वे शतक) उत्तम वृंदात गायक-गायिका, बासरीवादक व मृदंगवादक मिळून ३२ जण येतात.

मुंबईतील आरंभाबद्दल एकमत नाही. नाझी राजवटीमुळे युरोप सोडून १९३४ च्या सुमारास येथे आलेले संगीतकार वॉल्टर कॉफमन यांनी बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी स्थापली. मेहली मेहता तिच्यात व्हायोलिन वाजवीत. काहीजण आरंभ येथेच मानतात. पण या सोसायटीत भर होता तो तिघा-चौघा वादकांच्या रचनांवर (त्रयी-चतुष्टय), म्हणजे प्रत्येक स्वरपंक्ती एकच वादक वाजवणार; वृंदात ती अनेकजण मिळून वाजवतात. मेहतांनी १९३५ मध्ये उभारलेली बॉम्बे सिंफनी तर मोठा वृंद होती. काटेकोर व्याख्या लावल्यास १९६२ च्या सुमाराची बॉम्बे चेंबर ऑर्केस्ट्रा हाच आरंभ मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

भारतीय व पाश्चात्त्य शैलींच्या मिलाफाचे श्रेय मात्र प्रामुख्याने गोवेकर वादकांना द्यावे लागते. दिवसा चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात वाजवणाऱ्या या मंडळींनीच रागाला स्वरमेळाची (हार्मनीची) साथ देऊन पाहिली. त्यांपैकीच व्हायोलिनवादक व संगीत संयोजक अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ मध्ये सेंट झेवियर्स कॉलेजच्या प्रांगणात लता मंगेशकर व मन्ना डे यांना घेऊन केलेला प्रयोग आकाराने मोठा होता, पण आजच्या तरुण वृंदांचा खरा पूर्वज तोच. २००६ मध्ये एनसीपीए (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) या नरिमन पॉइंटच्या कलाकेंद्रात सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू झाल्यावर शहरात पूर्णवेळ व्यावसायिक वादनाला नवे बळ मिळाले.

गायक, तबलजी किंवा कथक नर्तकीबरोबर वाजवताना पहिली अडचण षड्जाची, म्हणजे आधारस्वर ‘सा’ कोठे धरायचा याची. वृंद ४४० हर्ट्झवर, म्हणजे आपल्या पांढरी सहाला (पेटीच्या सहाव्या पांढऱ्या पट्टीला) जुळवतात. गायकाची पट्टी बहुधा काळी एक. त्या पट्टीत व्हायोलिनच्या मोकळ्या तारांचे स्वर षड्ज-पंचमाशी जुळत नाहीत. नाद कोंदट होतो आणि बोटे अवघड जागी पडतात. सा अर्ध्या स्वराने वर घेऊन पांढरी दोन केली की तारा लगेच गुंजू लागतात, पण गायकाच्या तार सप्तकावर ताण येतो. ही तडजोड तालमीच्या पहिल्याच तासात व्हावी लागते.

दुसरी अडचण तालाची. त्रिताल चार-चार मात्रांच्या चार खंडांत सहज लिहिता येतो. सात मात्रांच्या रूपकात मात्र समेवरच, म्हणजे पहिल्या मात्रेवरच, ‘खाली’ (वजन नसलेली, टाळीविना जागा) असते, आणि पाश्चात्त्य संचालकाचा पहिला, खाली येणारा ठोका सर्वांत वजनदार. तो सवयीने जोरात पडला, की सातही मात्रा अचूक असूनही तबलजी नापसंतीने मान हलवतो. म्हणून जाणते संचालक तेथे हात नुसता उघडतात आणि वजन चौथ्या मात्रेवर देतात.