राष्ट्रीय लाज आणि नागरिकांची जबाबदारी (खानदेशाच्या संदर्भात)

राष्ट्रीय लाज : आपल्या राष्ट्राने, त्याच्या सरकारने किंवा त्याच्या नावावर कोणी केलेल्या अन्यायाबद्दल, स्वतःचा त्यात हात नसतानाही, नागरिकाला वाटणारी शरम. या व्याख्येतला कळीचा शब्द ‘आपल्या’ हा आहे. परक्या देशात निरपराधांवर गोळ्या झाडल्या गेल्या तर राग येतो, हळहळ वाटते. लाज मात्र वाटत नाही. लाज वाटायला आधी नाते लागते. त्यामुळे ‘सरकारच्या कृत्याची लाज वाटते’ असे म्हणणाऱ्याला देशद्रोही ठरवण्यात एक गंमतशीर विसंगती आहे : ज्याने देशाशी नाते तोडले, त्याला लाज वाटायचे कारणच उरत नाही.

खानदेश म्हणजे आजचे जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे जिल्हे. १९०६ साली जुन्या खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. पुढे त्यांचे जळगाव व धुळे झाले, आणि १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. ‘सरकार कोणाचे?’ या प्रश्नाचे उत्तर या मुलखात काळाप्रमाणे बदलत गेले. तापीकाठच्या काळ्या जमिनीत ते एक होते, सातपुड्याच्या डोंगरात दुसरे. प्रस्तुत संकल्पना इथल्या उदाहरणांवरून पाहण्याचे कारण हेच.

मराठीत या भावनेसाठी शब्दांची वानवा नाही. लाज, शरम, खंत, नामुष्की हे सगळे वापरात आहेत, पण ते एकमेकांच्या जागी बसत नाहीत. नामुष्की चारचौघांत होते. पाहणारा नसेल तर नामुष्की नाही. ‘देशाची नामुष्की’ हे शब्द वर्तमानपत्रांत बहुधा क्रिकेटमधल्या पराभवासाठी किंवा परदेशात झालेल्या फजितीसाठी येतात, कैद्याच्या कोठडीतल्या मृत्यूसाठी क्वचितच. खंत एकट्यालाही वाटू शकते. ‘जनाची नाही तर मनाची तरी’ या म्हणण्यात हा फरक नेमका पकडला आहे. जनाची लाज झाकायला शिकवते. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे तिचे शास्त्र. देशाची उणी बाजू बाहेर बोलू नये, हा देशभक्तीचा लोकप्रिय अर्थ याच शास्त्रातून आला आहे. मनाची लाज मूठ उघडायला लावते.

‘मायबाप सरकार’ या शब्दप्रयोगाकडेही लक्ष द्यायला हवे. अर्जविनंतीत तो अजून भेटतो. सरकार मायबाप असेल तर नागरिक लेकरू ठरतो, आणि आईबापाच्या कृत्याचा जाब लेकराला कोणी विचारत नाही. अहिराणीत, म्हणजे खानदेशाच्या बोलीत, ‘आपले काय करनं शे’ असे सहज म्हटले जाते. त्यातले ‘आपले’ म्हणजे ‘आपल्याला’ : आपल्याला काय करायचे आहे! प्रमाण मराठीत मात्र ‘आपले’ म्हणजे स्वतःच्या मालकीचे. एकाच शब्दात अंग काढून घेणे आणि हक्क सांगणे अशा दोन्ही गोष्टी असाव्यात, हा योगायोगच. पण या विषयाच्या अभ्यासकाने टिपून ठेवावा असा.

संकल्पनेची आधुनिक मांडणी दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीत झाली. तत्त्वज्ञ कार्ल यास्पर्स यांनी १९४६ साली दोषाचे चार प्रकार सांगितले. कायदा मोडणाऱ्याचा फौजदारी दोष, ज्या राज्याचे आपण नागरिक आहोत त्याच्या कृत्यांबद्दलचा राजकीय दोष, स्वतःच्या वागण्याबद्दलचा नैतिक दोष, आणि चौथा, माणूस म्हणून माणसाशी असलेल्या नात्यातून येणारा. पहिला व्यक्तीचाच असतो, न्यायालय त्याचा निवाडा करते. दुसरा सर्व नागरिकांवर येतो. त्याची परतफेड शिक्षा भोगून नव्हे तर भरपाई करून व्हायची असते. राजकीय विचारवंत हॅना आरेंट यांनी यात आणखी काटेकोरपणा आणला. दोष आणि जबाबदारी त्यांनी वेगळ्या केल्या. सगळेच दोषी म्हटले की खरा दोषी गर्दीत सुटतो, हा त्यांचा आक्षेप होता. जबाबदारी मात्र समूहाची असू शकते.

हा भेद पुस्तकाबाहेर कसा दिसतो, याचे उदाहरण यास्पर्स यांच्या मांडणीनंतर दोनच वर्षांनी महाराष्ट्रात घडले. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींचा खून झाला. खुनी मराठी होता. साने गुरुजींनी प्रायश्चित्त म्हणून २१ दिवसांचे उपोषण केले. गुरुजी जन्माने कोकणातल्या पालगडचे. पण १९२४ पासून अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक, तिथल्याच वसतिगृहात मुलांचे सर्व काही करणारे, आणि १९३० मध्ये शाळा सोडून सत्याग्रहात उतरलेले. खानदेश त्यांना आपलेच मानतो. खुनाशी त्यांचा दुरान्वयानेही संबंध नव्हता. उलट ते गांधीजींच्याच वाटेचे. तरीही ज्या भाषेत आपण मुलांना घडवले त्याच भाषेच्या समाजातून हा हात उठला, एवढे नाते त्यांना पुरेसे वाटले.

त्याच दिवसांत महाराष्ट्रात, विशेषतः दक्षिणेकडच्या जिल्ह्यांत, ब्राह्मणांची घरे जाळली जात होती. जाळणारेही ‘समूहाची जबाबदारी’च सांगत होते! फरक इतकाच की ती ते दुसऱ्याच्या गळ्यात घालत होते. स्वतःवर घेतलेली जबाबदारी आणि दुसऱ्या जातीवर लादलेला दोष या दोन गोष्टी वरवर सारख्या दिसतात, आणि राष्ट्रीय लाजेवरच्या चर्चेत सर्वाधिक घोटाळा इथेच होतो. प्रायश्चित्त सक्तीचे करता येत नाही. गुरुजींच्या उपोषणावर टीका करायची तर ती दुसऱ्या बाजूने होऊ शकते : देह झिजवून समाजाच्या रचनेत काय बदलते? या टीकेत तथ्य आहे. मात्र १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचे विठ्ठलमंदिर दलितांना खुले व्हावे म्हणून त्यांनीच केलेल्या दहा दिवसांच्या उपोषणाने एक दार खरोखर उघडले होते, हेही नोंदवले पाहिजे.

स्वतःच्या सरकारला जाब विचारण्याचे खानदेशातले ठळक उदाहरण याच्या दहा वर्षे आधीचे, आणि तेही गुरुजींचेच आहे. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. धनाजी नाना चौधरी आणि साने गुरुजी यांच्यासह शेकडो कार्यकर्ते त्यासाठी राबले. शेतकऱ्यांचा कार्यक्रम तिथे मंजूर झाला. पुढच्याच वर्षी मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ आले. १९३८ साली पूर्व खानदेशात अतिवृष्टीने पिके गेली. शेतसारा माफ व्हावा म्हणून गुरुजींनी गावोगाव सभा घेतल्या, कलेक्टर कचेरीवर मोर्चे नेले. त्याच वर्षी अमळनेरहून त्यांनी साप्ताहिक काढले, त्याचे नाव ‘काँग्रेस’! ज्या पक्षासाठी तुरुंग भोगला, त्याच पक्षाच्या सरकारच्या दारात मोर्चा नेताना त्यांनी पक्षाचे नाव टाकले नाही. ‘आपले सरकार आहे, सांभाळून घ्या’ असे म्हणणारे तेव्हाही असणारच. सरकार आपले म्हणूनच त्याला विचारायचे, अशी मोर्चाची भूमिका होती.

स्वातंत्र्याआधीच्या परक्या राजवटीबद्दल फार लिहायला नको. परक्या सत्तेच्या कृत्यांची लाज प्रजेला वाटायचे कारण नव्हते. असंतोष होता, अभिमान होता. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारला तिरंग्याच्या मिरवणुकीवर गोळीबार झाला. शिरीषकुमार मेहता हा शाळकरी मुलगा आणि त्याचे चार सोबती पडले. १४ एप्रिल १९४४ रोजी चिमठाण्याजवळ सरकारी खजिना लुटला गेला. साताऱ्याच्या प्रतिसरकारचे जी. डी. लाड आणि नागनाथ नायकवडी त्यात होते. ही लूट धुळे जिल्ह्यात आजही अभिमानाने सांगितली जाते, कारण खजिना ‘त्यांचा’ होता. सरकारी तिजोरी ‘आपली’ झाल्यावर तिच्यात हात घालणाऱ्याबद्दल तितक्याच ठामपणे शरम वाटायला हवी होती. तसे झालेले दिसत नाही. सरकारी पैसा म्हणजे कोणाचाच नाही, ही समजूत परक्या राजवटीचा वारसा म्हणून उरली असावी.

संविधानाने हे नाते पक्के केले. उद्देशिकेची सुरुवात ‘आम्ही, भारताचे लोक’ अशी आहे. म्हणजे सरकार मायबाप राहिले नाही, आपण नेमलेले झाले. सरकारवरची टीका म्हणजे राजद्रोह नव्हे, हिंसेला किंवा अव्यवस्थेला चिथावणी असेल तरच तो गुन्हा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली केदारनाथ सिंह खटल्यात स्पष्ट केले. राष्ट्र आणि सरकार यांतला फरक कायद्याच्या पुस्तकात त्यामुळे कधीच स्पष्ट झाला आहे. बोलण्यात तो पुन्हा पुन्हा पुसला जातो.

सातपुड्यात गोष्ट वेगळी आहे. १८१८ साली खानदेश इंग्रजांकडे गेला. भिल्लांचे उठाव मोडायला त्यांनी १८२५ पासून जेम्स आउट्रम याच्या हाताखाली भिल्ल पलटण उभारली, भिल्लांनाच भिल्लांवर पहारा करायला लावले. ११ एप्रिल १८५८ रोजी अंबापाणीला भिल्ल इंग्रजी फौजेशी लढले. स्वातंत्र्यानंतर सरकार बदलले, पण शहादा-तळोद्याच्या पट्ट्यात आदिवासींच्या जमिनी सावकारीतून आणि कागदांच्या खेळातून सपाटीवरच्या बड्या शेतकऱ्यांकडे जातच राहिल्या. अंबरसिंग सुरतवंती आणि १९७२ साली स्थापन झालेली श्रमिक संघटना यांनी हा प्रश्न ऐरणीवर आणला. गेलेल्या जमिनी आदिवासींना परत करण्याचा राज्याचा कायदा १९७४ चा. विधिमंडळाने लाजेचा उच्चार न करता तिची कबुली द्यावी, तसा हा कायदा आहे : जमिनी अन्यायाने गेल्या नसत्या तर त्या परत करण्याचा कायदा कशाला लागला असता? ज्यांच्याकडे त्या जमिनी होत्या, त्यांतले कित्येक स्वातंत्र्यलढ्याचा वारसा सांगणाऱ्या गावांचे होते. पंधरा ऑगस्टचे झेंडावंदन आणि बांध सरकवणे एकाच गावात सुखाने नांदू शकते.

सरकारांनी स्वतः लाज कबूल करण्याचे प्रसंग जगात मोजके. जर्मन चॅन्सेलर विली ब्रांट ७ डिसेंबर १९७० रोजी वॉर्सातल्या ज्यू वस्तीच्या उठावाच्या स्मारकापुढे गुडघे टेकून बसले. ते स्वतः नाझींच्या विरोधात देशांतर करून गेलेले होते. ऑस्ट्रेलियाने २००८ साली मूळ रहिवाशांची संसदेत माफी मागितली. भारतात १९८४ च्या शीखविरोधी हत्याकांडाबद्दल मनमोहन सिंग यांनी ऑगस्ट २००५ मध्ये राज्यसभेत माफी मागितली. जालियनवाला बागेबद्दल ब्रिटिश पंतप्रधान थेरेसा मे यांनी २०१९ साली ती घटना लाजिरवाणी असल्याचे म्हटले, माफीचा शब्द मात्र उच्चारला नाही.

खानदेशातल्या अलीकडच्या दोन घटना नोंदवणे आवश्यक आहे, कारण त्या या संकल्पनेच्या दोन वेगळ्या कडा दाखवतात. ६ जानेवारी २०१३ रोजी धुळ्यात दंगल झाली आणि पोलिसांच्या गोळीबारात सहा मुस्लिम तरुण मेले. मालमत्तेची नासधूस करताना पोलीस दिसत असलेल्या चित्रफिती बाहेर आल्या, काही पोलिसांना अटकही झाली. इथे हत्यार राज्याचे होते. म्हणजे प्रश्न सरकारच्या कृत्याचा. १ जुलै २०१८ रोजी साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारले. ते मंगळवेढ्याकडचे होते. २०२४ साली न्यायालयाने सात जणांना जन्मठेप दिली. इथे सरकारचा हुकूम नव्हता, पाहणारे आणि मोबाइलवर चित्रण करणारे मात्र भरपूर होते. यास्पर्स यांचा फौजदारी दोष सात जणांपाशी संपतो. उभे राहून पाहणाऱ्यांचे काय, याचे उत्तर कोणत्याही निकालपत्रात मिळणार नाही.

सरदार सरोवर प्रकरणात तर दोषी हात शोधूनही सापडत नाही. या धरणात महाराष्ट्रातली ३३ गावे बाधित झाली, सगळी अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. मणिबेली त्यांत पहिली. नर्मदा पाणी तंटा लवादाने १९७९ च्या निवाड्यात पुनर्वसन आधी, बुडित नंतर, असे घालून दिले होते. प्रत्यक्षात लोकांना घरात चढते पाणी पाहावे लागले. विस्थापितांसाठी तळोद्याची सुमारे ४,२०० हेक्टर वनजमीन मोकळी करण्यात आली, आणि तिच्यावर आधीपासून कसत असलेल्या दुसऱ्या आदिवासींशी तंटे सुरू झाले. नर्मदा बचाव आंदोलनाने चिमलखेडी आणि निमगव्हाण इथे जीवनशाळा काढल्या, कारण तिथे सरकारी शाळा होत्या त्या बहुतांशी कागदावर.

हे सगळे कोणी केले? एका मंत्र्याने नाही, एका पक्षानेही नाही. लवाद, तीन राज्ये, केंद्र, न्यायालय, जागतिक बँक (ती १९९३ साली बाहेर पडली) अशा साखळीतून ते घडत गेले. धरणातून होणाऱ्या विजेत मध्य प्रदेशाचा वाटा ५७ टक्के, महाराष्ट्राचा २७ आणि गुजरातचा १६ टक्के ठरलेला आहे. महाराष्ट्राच्या २७ टक्क्यांचे धनी राज्यातले सगळे वीजग्राहक आहेत, भुसावळ-चोपड्याचे केळीबागायतदारही. मणिबेलीचा माणूसही त्याच राज्याचा नागरिक आहे, पण त्याच्याकडून या कृत्याची लाज वाटून घेण्याची अपेक्षा कोणी करणार नाही. नागरिकांची जबाबदारी समान वाटून घेता येत नाही. लाभ, मत आणि आवाज ज्याच्या पदरात जितका, तितकी ती अधिक. ३३ गावांच्या पदरात मत होते. ते नंदुरबार लोकसभा मतदारसंघातल्या लाखो मतांतले काही हजार.