कृष्णविवराचं वजन आणि वायूची गर्दी

‘जेम्स वेबने महास्फोट खोटा ठरवला’ हा फॉरवर्ड आमच्या नागपूरच्या ग्रुपवर पुन्हा फिरतोय. पाठोपाठ ‘हे सगळं आपल्या पुराणांत होतंच’ हाही आला. असेल, तर हायड्रोजनच्या लाल रेषेची तरंगलांबी कुठल्या अध्यायात दिलीय तेवढं कळवा. कारण खरा वाद दूरच्या कृष्णविवरांच्या वजनाचा, म्हणजे त्या एका रेषेच्या रुंदीवरून चाललाय आणि महास्फोटाशी त्याचं काही भांडण नाही.

२०२२ पासून जेम्स वेब या अवकाश दुर्बिणीला दूरच्या विश्वात बारीक लाल ठिपके दिसू लागले. त्यांचं नावही ‘लिटल रेड डॉट्स’ असंच पडलं. बरेचसे महास्फोटानंतरच्या पहिल्या दीड अब्ज वर्षांतले. पुष्कळांच्या पोटात वायू गिळत वाढणारं कृष्णविवर असावं, आणि त्यांतल्या काहींचं वजन कोट्यवधी सूर्यांएवढं निघालं. आपल्या आकाशगंगेच्या मध्यावरचं कृष्णविवर आजही साधारण ४३ लाख सूर्यांएवढंच आहे. मग या पोरांनी इतक्या लवकर एवढं बाळसं धरलं कसं?

पण आधी हे वजन केलं कसं ते बघू. तापलेला हायड्रोजन ६५६.३ नॅनोमीटरला लाल प्रकाश देतो. वर्णपटात, म्हणजे रंग सुटे करून पसरलेल्या प्रकाशात, तो एका रेषेसारखा दिसतो. विश्वाच्या प्रसरणाने तो ताणला जातो. ताम्रसृती, म्हणजे या ताणाचं माप, ६ असेल तर सातपट, म्हणजे सुमारे ४.६ मायक्रॉन. म्हणूनच अवरक्त बघणारी दुर्बीण लागते. कृष्णविवराभोवती फिरणाऱ्या वायूचा काही भाग आपल्याकडे येतो, काही दूर जातो, त्यामुळे रेषा दोन्ही बाजूंना फाकते. रुंदीवरून वेग कळतो. वेगाचा वर्ग गुणिले अंतर, यावरून वजन. हे अंतर थेट मोजलेलं नसतं, जवळच्या दीर्घिकांवरून बसवलेल्या सूत्राने तेजस्वितेतून काढतात.

गोम वेगाच्या वर्गात आहे. वेग दहापट जास्त धरला गेला, तर वजन शंभरपट फुगतं.

आणि रुंदी फक्त वेगामुळेच येते असं कुठे आहे? यांतल्या कित्येक ठिपक्यांच्या वर्णपटात त्या लाल रेषेला खाच पडलेली दिसते. ती पडायला हायड्रोजनचे पुष्कळ अणू दुसऱ्या ऊर्जापातळीवर बसलेले लागतात, आणि तसं व्हायला वायू भलताच दाट हवा. म्हणजे कृष्णविवर वायूच्या जाड गोधडीत गुरफटलेलं आहे. त्या वायूचा एखादा थर आयनीभूत असेल, म्हणजे अणूंपासून इलेक्ट्रॉन सुटलेले असतील, तर तिथे मोकळे इलेक्ट्रॉन असणार. इलेक्ट्रॉन प्रोटॉनपेक्षा १८३६ पट हलका, म्हणून त्याच तापमानाला सुमारे ४३ पट वेगवान. दहा हजार केल्विनला त्याचा वेग सेकंदाला सहाशे किलोमीटरच्या आसपास जातो. मारबतीच्या मिरवणुकीत नागपूरच्या महाल भागातल्या गल्लीत शिरलेला माणूस धक्के खात भलतीकडेच बाहेर पडतो, तसं प्रकाशकणाचं होतं. दर धक्क्याला तरंगलांबी जराशी सरकते, कधी निळीकडे, कधी लालीकडे. मुळात अरुंद असलेली रेषा बाहेर येईपर्यंत रुंद झालेली असते.

हे ओळखायचं रेषेच्या आकारावरून. नुसत्या वेगाने फाकलेली रेषा सहसा घंटेच्या आकाराची मानतात. धक्क्यांनी फाकलेल्या रेषेचे पंख, म्हणजे दोन्ही कडांचे उतार, घातांकी असतात, म्हणजे उभा अक्ष लॉगरिदमचा घेतला की ते सरळ उतरताना दिसतात. २०२५ मध्ये संशोधकांच्या एका गटाने असे पंख दाखवले आणि काही वजनं शंभरपटीपर्यंत खाली आणली. मला हा युक्तिवाद फार आवडतो. गुरुत्वाकर्षणाला हात न लावता नुसत्या रेषेच्या उतारावरून राक्षसाचं मांजर करायचं!

सगळ्यांना तो पटलेला नाही. त्याच वर्षी दुसऱ्या गटाने आबेल २७४४ या दीर्घिकासमूहाच्या मागे, त्याच्या गुरुत्वाकर्षणाने भिंगासारखा प्रकाश वळवल्यामुळे मोठा होऊन दिसणारा एक लाल ठिपका घेतला आणि भोवतीचा वायू कुठल्या अंतरावर किती वेगाने फिरतो ते थेट मोजलं. वजन आलं सुमारे पाच कोटी सूर्य. रुंदीच्या जुन्या हिशेबाशी ते जुळतं. निदान या एका ठिपक्यापुरती तरी धक्काबुक्कीची सूट मिळालेली नाही.