नसबंदी आणि खच्चीकरण : बंद काय होतं, चालू काय राहतं

आता पुढे मूल नको, हे दोघांचं ठरलेलं असतं. ऑपरेशन कोणी करायचं हा प्रश्न मात्र निघायच्या आधीच मिटलेला असतो : तिनं. नवऱ्याला खोदून विचारलं तर ‘मला जड कामं करावी लागतात’ असं काहीतरी पुटपुटतो. मनात असतो बैल. वळूला खच्ची केलं की त्याची रग जाते, तो जोताला जुंपण्याइतका निमूट होतो, हे त्याला ठाऊक असतं. नसबंदी म्हणजे माणसाच्या बाबतीत तेच, असा हिशेब त्यानं मनातल्या मनात मांडून टाकलेला असतो.

हा गोंधळ निव्वळ अज्ञानाचा नाही. जनावराला चिमट्यानं खच्ची करतात तेव्हाही कातडी कापत नाहीत की काही काढून टाकत नाहीत. वृषणाच्या वर जी दोरी हाताला लागते ती बाहेरूनच चिरडतात. नसबंदीतही त्याच भागातली ‘नस’ बांधतात. लांबून दोन्ही एकच वाटणार.

ही दोरी म्हणजे एक नळी नाही, जुडगा आहे. त्यात वृषणाला रक्त पुरवणारी रोहिणी, रक्त परत नेणाऱ्या नीलांचं जाळं, चेतातंतू आणि एक शुक्रवाहिनी असते. चिमटा रक्तवाहिन्याही चिरडतो. रक्त तुटलं की वृषण हळूहळू आक्रसून निकामी होतात. नसबंदीत सर्जन या जुडग्यातून एकटी शुक्रवाहिनी वेगळी करतो, बाकीचं जिथल्या तिथे ठेवतो. ती सापडायला अवघड नसते : दोन-तीन मिलिमीटर जाडीची, कातडीखाली बोटांमध्ये टणक सुतळीसारखी घरंगळणारी.

वृषणाची कामं दोन आणि वाटाही दोन. शुक्रजंतू शुक्रवाहिनीतून पुढे जातात. टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक त्या नळीत उतरतच नाही, ते थेट रक्तात मिसळतं. दाढी, आवाज, स्नायू आणि कामेच्छा यांचा संबंध त्याच्याशी. म्हणून नसबंदीनंतर यातलं काही बदलत नाही. खच्चीकरणात दोन्ही कामं थांबतात. माणसात ते प्रामुख्यानं प्रोस्टेट या मूत्राशयाखालच्या ग्रंथीच्या कर्करोगावर उपचार म्हणून केलं जातं. अमेरिकेतले सर्जन चार्ल्स हगिन्स यांनी 1941 मध्ये त्याचा उपयोग दाखवला. वृषण काढतात किंवा औषधांनी टेस्टोस्टेरॉन खाली आणतात. मग अंगातून गरम वाफा आल्यासारखं होतं, इच्छा मावळते, ताठरता कमी होते, स्नायू घटतात, पुढे हाडं विरळ होतात. पुरुष नसबंदीला घाबरतो ते या यादीमुळे, आणि ही यादी नसबंदीची नाहीच.

नावानंही घोळ वाढवला आहे. बोलताना आपण रक्तवाहिनीलाही नस म्हणतो आणि ‘नस दबली’ म्हणताना मज्जातंतूलाही. नसबंदीतली नस यांपैकी कोणतीच नाही. लिंगाला ताठरता देणाऱ्या रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू ओटीपोटाच्या आतून वेगळ्या मार्गानं येतात, या शस्त्रक्रियेचा हात तिथे पोचतही नाही. गंमत म्हणजे शंभर वर्षांपूर्वी युरोपात नेमका उलटा समज होता. शुक्रवाहिनी बांधली की तारुण्य परत येतं, असं मानून आयरिश कवी येट्स यांनी 1934 मध्ये तशी शस्त्रक्रिया करून घेतली. तोही भ्रमच.

वीर्य? तेही येतं. त्यातला जेमतेम 2 ते 5 टक्के भाग वृषणाकडून येतो, उरलेलं वीर्यकोश आणि प्रोस्टेट ग्रंथी तयार करतात आणि त्या कापलेल्या जागेच्या पुढे असतात. डोळ्यांना फरक कळत नाही. शुक्रजंतू तयार होतच राहतात, पण ते तुंबत नाहीत, शरीर त्यांना विरघळवून शोषून घेतं.

बिनटाक्याची पद्धत चीनमधले डॉ. ली शुनछियांग यांनी 1974 मध्ये विकसित केली. जागा बधिर करून अणकुचीदार चिमट्यानं कातडीला छोटं भोक पाडतात, शुक्रवाहिनीचा वेढा बाहेर काढून कापतात, टोकं बांधतात किंवा जाळतात, आणि दोन टोकांच्या मध्ये आवरणाचा पडदा आणतात. हा पडदा महत्त्वाचा, कारण टोकं आपणहून पुन्हा जुळण्याची शक्यता त्यानं कमी होते. सगळं मिळून वीस-तीस मिनिटं, आणि त्याच दिवशी घरी. दोन दिवस आराम, घट्ट चड्डी, थोड्या थोड्या वेळानं फडक्यात गुंडाळून बर्फाचा शेक. आठवडाभर वजन उचलायचं नाही, संबंधही नाहीत. ‘काही होत नाही’ म्हणून दुसऱ्याच दिवशी पोतं उचललं की आत रक्त साकळतं आणि मग बदनामी नसबंदीची होते. सूज वाढत चालली, ताप आला किंवा पू दिसला तर लगेच दाखवावं. दर शंभरात एक-दोघांची दुखणी रेंगाळतात, हेही आधी सांगायला हवं.

खच्ची केलेल्या जनावराच्या बाबतीत एक गोष्ट मात्र नसबंदीसारखीच आहे : परिणाम त्याच दिवशी सुरू होत नाही. कापलेल्या जागेच्या पुढे आधीचे शुक्रजंतू शिल्लक असतात. ते संपायला साधारण तीन महिने आणि वीसेक वेळा वीर्यपतन लागतं. तोवर निरोध किंवा दुसरं साधन चुकवायचं नाही. ‘ऑपरेशन करूनही दिवस गेले’ अशा बऱ्याच तक्रारींचं, आणि बायकोवर घेतल्या जाणाऱ्या संशयाचंही, मूळ या तीन महिन्यांत असतं. वीर्याच्या तपासणीत शुक्रजंतू नाहीत असं आल्यावरही क्वचित, साधारण दोन हजारांत एखाद्या वेळी, गर्भ राहू शकतो. कापलेली नळी पुन्हा जोडण्याची शस्त्रक्रिया होते, पण ती सूक्ष्मदर्शकाखालची आणि बेभरवशाची, वर्षं जातील तसं यश घटतं. मन डळमळत असेल तर नसबंदी करूच नये, निरोध वापरावा. लैंगिक आजारांपासूनही निरोधच वाचवतो, नसबंदी नाही.

बाईच्या शस्त्रक्रियेत सहसा पोटाच्या आत शिरावं लागतं, म्हणून भूल, रक्तस्राव आणि आतल्या अवयवांना इजा हे धोके जास्त. नसबंदीत सगळं काम कातडीखाली होतं.

राहिली तपासणी, आणि पुरुष नेमकी तीच टाळतात. तीन महिन्यांनी हस्तमैथुनानं सगळं वीर्य स्वच्छ कोरड्या डबीत घ्यायचं. निरोधात घेऊ नये, त्यावरच्या द्रव्यानं शुक्रजंतू मरू शकतात आणि अहवाल फसवा येतो. डबी शर्टाच्या आत अंगालगत धरून तासाभरात प्रयोगशाळेत पोचवायची. हालणारे शुक्रजंतू दिसले तर निरोध चालू ठेवून काही आठवड्यांनी पुन्हा नमुना द्यायचा. अहवाल दोघांनी मिळून वाचावा, आणि निरोधाचं पाकीट त्यानंतरच बाजूला ठेवावं.