करड्या ठिपक्याची किल्ली

अटारी कंपनीच्या ‘अटारी २६००’ या व्हिडिओ गेमच्या यंत्रासाठी १९८० साली आलेल्या ‘अ‍ॅडव्हेंचर’ गेमचा नायक म्हणजे नुसता एक चौकोन. तलवार बाणासारखी, ड्रॅगन बदकासारखे. चोरीला गेलेला चषक सोनेरी किल्ल्यात आणला की खेळ संपतो. पण चषकाशी काडीचाही संबंध नसलेली एक खोली या गेममध्ये दडलेली आहे. तिची किल्ली म्हणजे एका पिक्सेलएवढा करडा ठिपका. जमीनही करडीच, त्यामुळे मोकळ्या जागेत तो दिसतच नाही. रंगीत भिंतीवर आला तरच नजरेत भरतो.

खेळताना दुसरी किंवा तिसरी पातळी घ्या. काळ्या किल्ल्यातल्या चक्रव्यूहात चारही बाजूंनी बंद असलेलं एक दालन आहे. जांभळा पूल तिथे न्या आणि त्याची टोकं भिंतीच्या दोन्ही अंगांना येतील असा टाका. आत शिरलात की खालच्या भिंतीला घासत फिरा. ठिपका हाती लागला की वस्तू उचलल्याचा आवाज येतो. गेममध्ये वस्तू ओढून घेणारं लोहचुंबकही आहे, पण त्याला हा ठिपका दाद देत नाही. हातात एका वेळी एकच वस्तू राहते, म्हणून पूल तिथेच सोडावा लागतो. खरी डोकेदुखी वस्तू पळवत फिरणाऱ्या वटवाघळाची. तुम्ही आत असताना त्याने पूल पळवला तर अडकलातच. अशा वेळी रीसेट दाबा: चौकोन सोनेरी किल्ल्यापाशी परततो आणि वस्तू जिथल्या तिथे राहतात. मारलेले ड्रॅगन मात्र पुन्हा जिवंत होतात!

आता ठिपका सोनेरी किल्ल्याखालच्या वाटेच्या पूर्व टोकाला ठेवा आणि तिथेच आणखी किमान दोन वस्तू आणून टाका. उजवीकडची बारीक भिंत लुकलुकायला लागेल. जॉयस्टिक उजवीकडे दाबून धरा, की चौकोन आरपार जातो.

भिंत का लुकलुकते? या यंत्राची चित्र काढणारी चिप एका वेळी दोनच मोठी चित्रं, म्हणजे स्प्राइट, हाताळते. खोलीत तीन वस्तू असल्या की प्रोग्राम प्रत्येक फ्रेमला, म्हणजे पडद्यावर क्षणोक्षणी नव्याने उमटणाऱ्या प्रत्येक चित्राला, त्यातल्या दोनच काढतो, पुढच्या फ्रेमला जोडी बदलतो. बारीक भिंत काढलेली आहे ‘मिसाइल’ नावाच्या रेघेने, आणि मिसाइलला स्वतःचा रंगच नसतो. जोडीच्या स्प्राइटचा रंग ती उसना घेते. दुसऱ्या स्प्राइटच्या जागी ठिपक्याची पाळी आली की भिंत करडी होते आणि जमिनीत विरून जाते.

पण नुसती दिसेनाशी होऊन भिंत वाट देत नाही. चौकोन रेघेला धडकला तर अडवायचं, मात्र त्या फ्रेमला दुसऱ्या जागी ठिपका असेल तर सोडायचं, अशी अट प्रोग्राममध्ये मुद्दाम घातलेली आहे. बाकीच्या फ्रेमना भिंत अडवतेच, म्हणून जोर लावून धरावा लागतो. ठिपका एकटाच आणला तर पाळ्या फिरणार कशा? वस्तू कमी पडणं, ही इथली नेहमीची चूक.

आत रंग बदलणारी अक्षरं दिसतात: ‘क्रिएटेड बाय वॉरन रॉबिनेट’. अटारी तेव्हा गेम लिहिणाऱ्यांची नावं देत नसे, म्हणून रॉबिनेटने कंपनीत कुणालाही न सांगता ही सही पेरली आणि नोकरी सोडली. सॉल्ट लेक सिटीतल्या १५ वर्षांच्या एका मुलाच्या पत्रामुळे ती अटारीला कळली. सगळा गेम जेमतेम ४ किलोबाइटचा. त्यातली सुमारे ५ टक्के जागा या सहीने खाल्ली होती.