पार्श्वभूमी : सुरकुत्यांच्या क्रीममधली पेप्टाइड्स

तांब्याला धरून ठेवणारे जीएचके हे तीन अमिनो आम्लांचे पेप्टाइड (अमिनो आम्लांची छोटी साखळी) 1973मध्ये माणसाच्या रक्तद्रवातून वेगळे काढले गेले, तेव्हा चेहऱ्याचा विचार कुणाच्या मनात नव्हता. संशोधन चालले होते यकृताच्या पेशींवर. पुढे ते जखमा भरण्यासाठी तपासले गेले आणि मग क्रीममध्ये आले. खरी धामधूम मात्र 2000 नंतरची.

तिचे मूळ 1993च्या एका शोधात आहे. कोलाजेन म्हणजे त्वचेला घट्ट ठेवणारे प्रथिन. त्याच्या पूर्वरूपातला पाच अमिनो आम्लांचा तुकडा, केटीटीकेएस, काचपात्रातल्या त्वचापेशींना दिला की त्या जास्त कोलाजेन बनवतात, असे दिसले. पण काचपात्र म्हणजे चेहरा नव्हे. 500 डाल्टनपेक्षा (डाल्टन हे रेणूच्या वजनाचे एकक) जड रेणू सहसा त्वचेत शिरत नाही, हा दंडक 2000मध्ये मांडला गेला. या तुकड्याचे वजन 560च्या पुढे. शिवाय तो पाण्याशी सलगी करणारा, तर त्वचेचा बाहेरचा थर स्निग्ध. म्हणून त्याला पामिटिक या स्निग्ध आम्लाची शेपटी जोडली गेली. त्याने वजन उलट 800 डाल्टनवर गेले! दंडकाच्या हिशेबाने हा वेडेपणाच. पण स्निग्धाला स्निग्ध धार्जिणे, असा युक्तिवाद होता. केस नसलेल्या उंदरांच्या कातडीवर तो अर्धा खरा ठरला: शेपटीवाला रेणू कातडीच्या थरांत सापडला, आरपार गेला नाही. माणसाच्या त्वचेत हवा तिथे तो पुरेसा पोचतो का, यावर अजून एकमत नाही. 2005च्या चाचणीत 93 स्त्रियांनी 12 आठवडे अर्ध्या चेहऱ्याला साधे क्रीम लावले, अर्ध्याला दहा लाखांत 3 भाग पेप्टाइड असलेले. फरक दिसला, पण थोडा. आणि चाचणी उत्पादकाचीच होती, हे विसरू नये.

दरम्यान 2002मध्ये अमेरिकी नियामकाने भुवयांमधल्या आठ्यांसाठी बोटॉक्सला (स्नायू सैल पाडणारे इंजेक्शन) परवानगी दिली आणि ‘सुईशिवाय बोटॉक्स’ म्हणत सहा अमिनो आम्लांचे पेप्टाइड पुढे आले. स्नायूपर्यंत ते पोचते कसे, हे जाहिरातीत कुठेच नसे. शरीराचे कार्य बदलते असे म्हणावे, तर अमेरिकी कायद्याने ते औषध ठरते. म्हणून ‘सुरकुत्या कमी दिसतात’ अशी सोयीची भाषा रुळली.

त्यात क्रमांकांचा घोळ. लेबलवर शेपटीवाल्या रेणूच्या पामिटॉइल पेंटापेप्टाइड-3चे पुढे -4 झाले, ‘सुईशिवाय बोटॉक्स’वाल्या अॅसिटाइल हेक्सापेप्टाइड-3चे -8, रेणू तेच. प्रमाणही लेबलवरून कळत नाही. 1 टक्क्याखालचे घटक यादीत कोणत्याही क्रमाने लिहिण्याची मुभा अमेरिकेत आणि युरोपात आहे, आणि पेप्टाइड बहुतेक वेळा त्यातच मोडते.