बेरीमन, जॉन

बेरीमन, जॉन : (१८ जुलै १८२५–२७ जून १८९६). ब्रिटिश घोडदळातील सैनिक व व्हिक्टोरिया क्रॉस या ब्रिटिश शौर्यपदकाचा मानकरी. जन्म इंग्लंडमधील डडली येथे. सतराव्या लान्सर्स या भालाईत पलटणीत तो साधा स्वार म्हणून दाखल झाला.

रशियाविरुद्धच्या क्रिमियन युद्धात (१८५३–५६) तो आल्माच्या लढाईत होता. मॅकेन्झीच्या मळ्याजवळच्या पाठलागात त्याने तीन रशियन सैनिक त्यांच्याच तोफांच्या टप्प्यात शिरून पकडले. २५ ऑक्टोबर १८५४ रोजी बालाक्लाव्हा येथे सरसेनापती लॉर्ड रॅग्लनच्या मोघम हुकुमाचा भलताच अर्थ लावला गेला आणि सुमारे ६७० स्वारांचे हलके घोडदळ दरीच्या टोकाशी मांडलेल्या रशियन तोफांवर चालून गेले. दोन्ही अंगांनीही मारा होत होता. सतरावी लान्सर्स पहिल्या फळीत होती. या चढाईची वर्णने उदंड झाली, पण बेरीमनचा खरा कस परतताना लागला. घोडा गोळी लागून निकामी झालेला, समोर त्याच्याच पलटणीचा कॅप्टन वेब जखमी. आपल्याला सोडून जीव वाचव, असे वेबने पुनःपुन्हा बजावूनही तो हलला नाही. सार्जंट जॉन फॅरेल व तेराव्या लाइट ड्रगून्स या घोडदळ पलटणीचा जोसेफ मॅलोन यांच्या मदतीने त्याने वेबला तोफांच्या टप्प्याबाहेर उचलून आणले. पुढे वेब त्याच जखमेने दगावला. पण त्यामुळे या धैर्याचे मोल तिळभरही कमी होत नाही. तिघांनाही १८५७ मध्ये व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. १८५६ मध्ये स्थापन झालेले हे पदक स्वाराला आणि सरदाराला एकाच निकषावर मिळे, ही त्या काळी मोठी गोष्ट होती.

१८५७ च्या उठावामुळे पलटण मुंबईत उतरली, खडकीच्या छावणीत राहिली आणि पुढे मध्य भारतात तात्या टोपे यांच्या पाठलागावर गेली. मूळ येवल्याच्या तात्यांनी आपल्या वेगवान हालचालींनी इंग्रजी फौजांना महिनोन्‌महिने हुलकावणी दिली. क्रिमियातल्या नामांकित स्वारांनाही ते लढाईत हाती लागले नाहीत. एप्रिल १८५९ मध्ये ते फितुरीने पकडले गेले.

ब्रिटिश घोडदळात अधिकारपदे १८७१ पर्यंत पैसे मोजून घेतली जात. बेरीमन मात्र क्वार्टरमास्टर (पलटणीच्या सामानसुमानाचा अधिकारी) होऊन अधिकाऱ्यांत गेला. दक्षिण आफ्रिकेतील १८७९ च्या झुलू युद्धातही त्याने भाग घेतला आणि पुढच्या वर्षी मेजरच्या हुद्द्याने तो निवृत्त झाला. सरे परगण्यातील वोल्डिंगहॅम येथे त्याचे निधन झाले.